गोव्यात गेटपासून पोर्चपर्यंत पेव्हर बसवून घेताना कंत्राटदार कसा निवडावा

गेटपासून पोर्चपर्यंतच्या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवण्याचे काम दिसायला इतके सोपे असते की, बहुतेक लोक ब्लॉकचा रंग आणि आकार पाहून निर्णय घेतात आणि जो कंत्राटदार चौरस फुटामागे चार-पाच रुपये कमी सांगेल त्याला काम देऊन मोकळे होतात. मीही तेच केले होते. फोंडा तालुक्यातील आमच्या घरापुढे मे महिन्याच्या मध्याला चार दिवसांत काम उरकले, तांबडा-करडा पट्टा नजरेत भरू लागला, आणि जून संपायच्या आत गाडीची चाके जिथून जात तिथे दोन लांब पन्हळी पडल्या. पाणी त्यांतच थांबत असे. पावसाळा सरल्यावर पहारीने आठ-दहा ब्लॉक उचलून पाहिले, तेव्हा खाली चार बोटे क्रशरची डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, आणि तिच्याखाली थेट मऊ तांबडी माती, एवढेच सापडले. ब्लॉक मात्र एकही फुटलेला नव्हता. पुढे दुसऱ्या कंत्राटदाराने तेच ब्लॉक बाजूला रचून ठेवले, खाली रीतसर पाया केला आणि त्याच्यावर त्याच ब्लॉकांनी वाट पुन्हा बांधून दिली, ती अद्याप हललेली नाही. म्हणून या लेखात ब्लॉकच्या आकाराबद्दल थोडे आणि त्याखालच्या थरांबद्दल व पाण्याबद्दल बरेच लिहिले आहे. कंत्राटदाराची पारख, त्याचे दरपत्रक आणि त्याला द्यायचे पैसे या तिन्ही गोष्टी त्या झाकल्या जाणाऱ्या थरांशी बांधून घ्याव्यात, एवढेच माझे सांगणे आहे.

कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी

पहिले काम आपले आपणच करायचे असते, आणि ते म्हणजे आपल्या जागेतील पाणी कोठून येते व कोठे जाते हे पाहणे. गोव्यात वर्षाकाठी साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, आणि वाळपई-सत्तरीकडे त्याहूनही अधिक पडतो. एवढे पाणी वाटेवरून वाहणार असेल तर उतार कोणत्या बाजूला द्यायचा हे कंत्राटदाराने कामाच्या दिवशी दोरी लावताना ठरवू नये. शक्य असेल तर एखाद्या पावसाळी दिवशी छत्री घेऊन अंगणात उभे राहावे, पागोळ्यांचे पाणी कोठे पडते, शेजारच्या उंच जागेतून लोट येतो का, गेटपाशी रस्त्यावरचे पाणी आत शिरते का, हे पाहावे आणि मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे. हिवाळ्यात आलेल्या कंत्राटदाराला कोरडे अंगण पाहून जे समजणार नाही, ते या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीतून समजते.

उताराचे साधे माप पन्नासास एक असे धरावे, म्हणजे तीन मीटर रुंदीच्या वाटेला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहा सेंटीमीटर उतार मिळतो. हा उतार घरापासून दूर जाणारा हवा. डोंगर कापून बांधलेल्या घरांत, आणि आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत, जमीन घराकडेच उतरत असते. तेथे पोर्चच्या अलीकडे आडवी चारी खोदून तिच्यावर लोखंडी जाळी बसवणे आणि ती चारी घराच्या बाजूने पुढे काढून देणे याला पर्याय नाही. वाटेची तयार पातळी घराच्या जोत्यापेक्षा निदान 15 सेंटीमीटर खाली राहील हेही आधीच मोजून घ्यावे, कारण जुन्या काँक्रीटवरच ब्लॉक बसवून दोन दिवसांत काम संपवण्याचा मोह अनेकांना होतो आणि मग पातळी नकळत जोत्याला येऊन भिडते.

दुसरी पाहणी मातीची. टणक चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) सड्यावर घर असेल तर निसर्गाने अर्धा पाया करून दिलेला असतो. भरावाची जागा असेल, पूर्वीचे शेत असेल किंवा खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीच्या, कडेचा भाग असेल, तर मात्र काम वेगळे होते आणि त्याचा खर्चही वेगळा होतो. शंका असल्यास वाटेवर तीन ठिकाणी दोन-दोन फुटांचे खड्डे खणून पाहावेत; गड्याचे अर्ध्या दिवसाचे काम आहे आणि येणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराला दाखवायला ते उपयोगी पडतात.

तिसरा प्रश्न वजनाचा, आणि येथे लोक हमखास फसतात. ‘आमची एकच छोटी गाडी आहे’ असे सांगितले जाते, पण एप्रिल-मे महिन्यांत पाण्याचा टँकर आत येतो, सेप्टिक टाकी उपसणारी गाडी येते, कधी शेजारच्या बांधकामासाठी चिऱ्यांचा ट्रक आपल्या वाटेवर वळतो. दहा हजार लिटरच्या टँकरमधील नुसते पाणीच दहा टन भरते. असे वाहन वर्षातून दोनदा जरी येणार असले तरी ते आधी सांगायला हवे. त्याचबरोबर सेप्टिक टाकी, सोक पिट (सांडपाण्याचा शोषखड्डा), पाण्याची नळी आणि विजेची केबल वाटेखालून कोठून जातात याचा एक हाताने काढलेला नकाशा करावा. सोक पिटावरून चाक जाणार असेल तर एक तर वाट बाजूला घ्यावी किंवा वर मजबूत आरसीसी स्लॅब घालावा. भविष्यात गेटपाशी दिवा, कॅमेरा किंवा विजेवरचे गेट लागण्याची शक्यता असेल, तर वाटेखालून चार इंची पीव्हीसीचे दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवावेत. ते आत्ता स्वस्तात होतात आणि नंतर वाट फोडावी लागत नाही.

परवानग्यांचा विषय थोडक्यात सांगतो. आपल्या कुंपणाच्या आत, आहे त्या सपाट जमिनीवर ब्लॉक बसवणे हे किरकोळ काम असले तरी गेटबाहेरचा गटार ओलांडणारा तुकडा आपला नसतो. तो पंचायतीच्या, पालिकेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्याचा भाग असतो आणि तेथे गटार झाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी लागते. उतारावरची जमीन कापायची किंवा सखल जमीन भरायची असेल, तर 1974 च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यातील कलम 17 अ आड येते आणि खात्याची पूर्वपरवानगी लागते. वाटेत येणारे झाड तोडायचे असल्यास 1984 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वन खात्याकडे अर्ज करावा. माझ्या मते झाड वाचवून वाट वळवणे बहुधा स्वस्त पडते. फक्त आंबा, फणस यांच्या बुंध्याभोवती चांगली मोकळी जागा सोडावी, नाहीतर मुळे चार-पाच वर्षांत ब्लॉक उचलतात.

आणखी एक गोष्ट केवळ गोव्यातल्या वाड्यावाड्यांवरची आहे. आपण ज्या पट्ट्याला आपली वाट समजतो, तिच्यावरून मागच्या घराची, विहिरीची किंवा देवळाची पारंपरिक पायवाट जात असते. सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्काची नोंद) काढून हद्द तपासावी, आणि मागच्या घरातल्या काकांना कंत्राटदार येण्याआधी जाऊन सांगावे. जमिनीची पातळी चार इंच वाढली की आपले पाणी त्यांच्या अंगणात जाते, आणि तेथून सुरू झालेले भांडण ब्लॉकपेक्षा अधिक टिकते.

माणूस शोधताना

ओळखीतून तीन नावे मिळवावीत आणि तिघांनाही जागेवर बोलावून काम दाखवावे. फोनवर दर विचारण्याला अर्थ नाही, कारण फोनवर सांगितलेला दर हा ब्लॉकचा असतो. शोधण्याची उत्तम जागा म्हणजे आपल्याच गावातील अशी घरे, ज्यांच्यापुढची वाट निदान दोन पावसाळे खाऊन अजून सपाट आहे. अशा घरात जाऊन विचारले तर कोणी नाही म्हणत नाही. उलट चहा देऊन कंत्राटदाराचे गुणदोष सविस्तर सांगतात. कंत्राटदार मोबाइलवर दाखवतो ती छायाचित्रे काम संपल्याच्या दिवशीची असतात आणि त्या दिवशी सगळीच कामे सुंदर दिसतात. त्याच्याकडून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कामांचे पत्ते मागावेत आणि तेथे गेल्यावर तीन जागा पाहाव्यात: गेटच्या आतली पहिली दोन मीटर, जिथे गाडी ब्रेक लावते; पोर्चपाशी चाक वळते ती जागा; आणि कडा. कडेचे ब्लॉक बाहेर सरकून सांधे रुंद झाले असतील, तर त्या कंत्राटदाराने कर्बखाली, म्हणजे वाटेच्या कडेला ब्लॉक अडवणाऱ्या पट्टीखाली, काँक्रीट घातले नव्हते असे समजावे.

जागेवर आल्यावर तो काय करतो याकडे लक्ष द्यावे. माझ्याकडे आलेल्या पहिल्याने गेटमधूनच नजर टाकली, पावलांनी लांबी मोजली आणि दर सांगितला. मी पावसाचे पाणी साचेल का असे विचारले, तर त्यावर त्याचे उत्तर ‘कांय जायना’ (काही होत नाही) एवढेच होते. दुसऱ्या खेपेस ज्याला काम दिले, त्याच्याबरोबर एक वयस्क मेस्त, म्हणजे गवंडी, होते. त्यांनी पिशवीतून पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, एक टोक मला जोत्याशी धरायला लावले आणि दुसरे टोक घेऊन ते गेटपर्यंत गेले. तेथील खांबावर त्यांनी पेन्सिलने रेघ मारली तेव्हा कळले की आमचे गेट पोर्चपेक्षा सव्वा वीत उंच आहे. आधीच्या कामात पाणी घराकडेच का येत होते, हे त्या रेघेने दोन मिनिटांत दाखवले. त्यानंतर त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न टँकरबद्दल होता आणि दुसरा सोक पिटाबद्दल. जो माणूस पातळी, माती आणि वजन यांबद्दल आपणहून विचारतो त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्याला झुकते माप द्यावे.

आपणही त्याला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. रोलर आणि प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत्या पत्र्याने दाबणारे यंत्र) त्याचे स्वतःचे आहेत की भाड्याने आणणार, आणि भाड्याने असतील तर किती दिवस? एका वेळी त्याची किती कामे चालू आहेत? जागेवर रोज कोण उभे राहणार, तो स्वतः की मुकादम? कामगार त्याचे नेहमीचे आहेत की नाक्यावरून आणलेले? आपल्याकडे या कामातील बरेच कामगार कर्नाटक, ओडिशा, झारखंड येथून आलेले असतात, आणि सणासाठी किंवा शेतीच्या कामासाठी ते गावी गेले की काम पंधरा दिवस अर्धवट पडते. म्हणून कधी जाणार हे आधी विचारण्यात गैर काही नाही. कामगाराला इजा झाल्यास उपचाराची व भरपाईची जबाबदारी कोणाची, आणि त्याने विमा काढला आहे का, हेही कागदावर यावे.

हंगामाबद्दल माझे मत ठाम आहे. दिवाळीनंतर जमीन वाळली की काम सुरू करावे आणि फेब्रुवारीच्या आत संपवावे. मे महिन्यात प्रत्येकाला पावसाआधी काम हवे असते, कंत्राटदार चार ठिकाणी पाय ठेवतो आणि पाया दाबण्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. मोसमी पाऊस सहसा जूनच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात पोहोचतो, आणि त्याच्या आधीच्या सरी त्याहून लवकर येतात. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे येणार म्हणून ऑगस्टमध्ये ओल्या जमिनीवर ब्लॉक बसवून घेणारी घरे मी पाहिली आहेत; पुढच्या चवथीला तीच वाट पुन्हा उकरलेली असते.

दरपत्रक कसे मागावे

बहुतेक दरपत्रकांत एकच ओळ असते: ‘पेव्हर ब्लॉक मालासह बसवून देणे, दर अमुक’. या ओळीत खोदाई किती, पायाला काय, कर्ब आहे की नाही, उकरलेली माती कोण नेणार, यांपैकी काहीच नसते. अशी तीन दरपत्रके शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे गावठी तांदूळ, पोहे आणि कुरमुरे एकाच तराजूत तोलणे होय. त्याऐवजी आपणच एका कागदावर कामाचे वर्णन लिहून तिघांना तोच कागद द्यावा आणि प्रत्येक बाबीपुढे वेगळा दर मागावा.

त्या कागदात काय असावे हे माझ्या वाटेच्या उदाहरणाने सांगतो. वाट चार मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब, म्हणजे 60 चौरस मीटर. ब्लॉक 80 मिलिमीटर, त्याखाली 30 मिलिमीटर वाळूची गादी, त्याखाली दाबून झाल्यावर 200 मिलिमीटर भरेल असा खडी-मुरमाचा पाया. म्हणजे तयार पातळीपासून एकूण 310 मिलिमीटर खोदाई. ‘दाबून झाल्यावर’ हे दोन शब्द लिहायला विसरू नये, कारण सैल पसरलेला थर दाबल्यावर बराच बसतो आणि वाद तेथेच होतो. केवळ हलकी गाडी जाणारी वाट टणक चिऱ्यावर असेल, तर 60 मिलिमीटर ब्लॉक आणि 150 मिलिमीटर पाया पुरतो. भरावाच्या किंवा पाणथळ जमिनीवर 250 मिलिमीटर किंवा अधिक पाया आणि मातीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरणे शहाणपणाचे आहे. त्या कापडामुळे चिखल वर येऊन खडीत मिसळत नाही.

याशिवाय कर्बचा दर धावत्या मीटरवर, आडव्या चारीचा व जाळीचा दर वेगळा, कापलेल्या ब्लॉकची नासाडी कोणाच्या खात्यावर, आणि मोजणी बसवलेल्या क्षेत्राची की मागवलेल्या मालाची, हे लिहून घ्यावे. उकरलेल्या मातीची बाब क्षुल्लक वाटते, पण 60 चौरस मीटरला 310 मिलिमीटर खोदले की साडेअठरा घनमीटर माती निघते, आणि सुटी झाली की ती त्याहून फुगते. ती शेतात किंवा खाजणात नेऊन ओतली गेली तर प्रकरण कंत्राटदारापुरते राहत नाही. माती कोठे टाकणार हे त्याच्याकडून आधी ऐकून घ्यावे.

मापाच्या एककाचा घोळही येथेच मिटवावा. गोव्यात आपण जमीन व घर चौरस मीटरमध्ये मोजतो, ब्लॉकचा व्यापारी मात्र बहुधा चौरस फुटाचा दर बोलतो. एक चौरस मीटर म्हणजे 10.76 चौरस फूट. दोन कंत्राटदारांनी दोन एककांत दर दिले, तर घाईत दहाने गुणून मोकळे होणाऱ्याचा सात टक्क्यांचा हिशेब चुकतो.

जीएसटीबद्दल एवढेच: अशा मालासह कामाच्या कंत्राटावर 18 टक्के कर लागतो, पण तो फक्त नोंदणीकृत कंत्राटदारच लावू शकतो. दरपत्रकात जीएसटी दाखवला असेल तर क्रमांक मागावा आणि तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणी नसलेल्या लहान कंत्राटदाराने काम करण्यात काही वावगे नाही. त्याने कर मात्र आकारता कामा नये.

ब्लॉक घेताना

पेव्हर ब्लॉकसाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. त्यानुसार हलक्या वाहतुकीसाठी एम-35 (हा आकडा काँक्रीटच्या ताकदीचा) दर्जाचा 60 मिलिमीटर जाडीचा आणि मध्यम वाहतुकीसाठी एम-40 दर्जाचा 80 मिलिमीटर जाडीचा ब्लॉक धरला जातो. टँकर येणार असेल तर मी 80 मिलिमीटरच घेईन. आकाराचे म्हणाल तर झिगझॅग, डंबेल, आय-शेप यांपैकी कोणताही चालतो. साधा 200 गुणिले 100 मिलिमीटरचा आयताकृती ब्लॉक एका चौरस मीटरला पन्नास लागतो आणि तो तिरप्या विणीत, म्हणजे चटईसारखा एकमेकांत अडकवून बसवला, तर गाडीच्या ब्रेकने व वळणाने सरकत नाही. एका रेषेत सरळ ओळी लावणे पायवाटेला शोभते, गाडीच्या वाटेला नाही.

माल कोठून येणार हे कंत्राटदाराला विचारून शक्य तर त्या कारखान्यात स्वतः जावे. काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजतात. मागणी वाढली की आठ-दहा दिवसांचे कोवळे ब्लॉकही गाडीत चढतात. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज यावा, कोपरे नखाने खरवडून वाळू सुटू नये, आणि एक ब्लॉक फोडून आत पोकळ्या आहेत का ते पाहावे. याहून चांगली परीक्षा घरच्या वजनकाट्यावर होते. मानकानुसार ब्लॉकने सरासरी सहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. मी तीन ब्लॉक आठवडाभर उन्हात वाळवले, स्वयंपाकघरातील काट्यावर तोलले, बादलीत पूर्ण बुडवून चोवीस तास ठेवले आणि फडक्याने पुसून पुन्हा तोलले. तीन किलोच्या ब्लॉकला 180 ग्रॅम ही मर्यादा येते; एका व्यापाऱ्याच्या नमुन्याने त्याहून बरेच जास्त पाणी प्यायले. प्रयोगशाळेत ब्लॉक भट्टीत वाळवतात, त्यामुळे घरचा आकडा थोडा कमीच येतो, म्हणजे घरच्या परीक्षेत नापास झालेला ब्लॉक खात्रीने नापास समजावा. असा ब्लॉक आपल्या पावसात लवकर शेवाळतो आणि पृष्ठभाग झिजून खडी वर दिसू लागते.

गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागाचे ब्लॉक दुकानात मोहक दिसतात. जुलैमध्ये त्यांच्यावरून स्कूटर घसरते. खरबरीत घ्यावेत.

काम चालू असताना

पाया घालण्याच्या दोन दिवसांत घरमालकाने कामावरून सुटी घेतली तर ती सार्थकी लागते. ब्लॉक बसवण्याच्या दिवशी नसला तरी चालेल. खोदाई झाली की तळ टणक आणि ठरलेल्या उताराचा आहे ना ते पाहावे. मऊ जागा सापडली तर ती उकरून तेथे खडी भरावी. पाया एकदम न ओतता सुमारे 100 मिलिमीटरच्या थरांत पसरावा, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा आणि मगच पुढचा थर टाकावा. हा टप्पा खरा की खोटा हे ओळखायला यंत्र लागत नाही. मालाने भरलेला टेम्पो त्या पायावरून हळू चालवायला सांगावे. चाकाची खूण उमटली तर अजून दाबायला हवे. आमच्या मेस्तांनी हे स्वतःहून केले, गेटच्या आत एका ठिकाणी अर्धा इंच खळगा पडला, आणि तेवढी जागा त्यांनी पुन्हा उकरायला लावली.

पाया झाकण्यापूर्वी जोत्याच्या पातळीपासून टेप धरून चार-पाच ठिकाणी माप घ्यावे आणि टेप दिसेल अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. नंतर हे मोजता येत नाही.

त्यावर वाळूची गादी. ती 20 ते 40 मिलिमीटरच्या दरम्यान असावी आणि सगळीकडे सारखी असावी. पायातला खड्डा वाळूने भरून पातळी साधणे ही या धंद्यातली सर्वांत जुनी पळवाट आहे, आणि माझ्या पहिल्या वाटेच्या पन्हळी तिच्यातूनच आल्या. दोन पाइप समांतर ठेवून त्यांच्यावरून ॲल्युमिनियमची पट्टी ओढली की गादी एकसारखी होते. त्यानंतर तिच्यावर कोणी पाय देऊ नये. वाळू खरबरीत हवी. अगदी बारीक डस्ट पाणी धरून ठेवते आणि चाकाखाली चिखलासारखी पळते. नदीच्या वाळूच्या उपशावर गोव्यात निर्बंध आहेत, म्हणून ती आणणार असेल तर वाहतुकीचा परवाना दाखवायला सांगावा, अन्यथा क्रशरची धुतलेली वाळू वापरावी. समुद्राची वाळू कोणी सुचवली तर त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. मिठाचे पांढरे डाग हा तिचा सर्वांत लहान दोष आहे.

गादीत सिमेंट मिसळावे आणि सांधे सिमेंटच्या रबड्याने भरावेत, असा आग्रह काही कंत्राटदार धरतात व ‘पक्के होईल’ असे सांगतात. या वाटेची सारी ताकद ब्लॉकच्या आपसांतील घट्ट अडकण्यात असते. सांध्यातली कोरडी बारीक वाळू त्यांना पाचरीसारखी धरून ठेवते आणि थोडे हलूही देते. सिमेंटचा सांधा पहिल्या उन्हापावसात तडकतो, फटीतून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. सांधे दोन ते चार मिलिमीटरचे असावेत. कडेला पाव ब्लॉकहून लहान तुकडा बसवू देऊ नये. तो पहिल्याच टँकरला उडतो. आणि कर्ब दोन्ही बाजूंना काँक्रीटमध्ये रोवलेला असावा, मातीत टेकवलेला नव्हे.

ब्लॉक बसल्यावर प्लेट कॉम्पॅक्टर दोनदा-तीनदा फिरवावा, मग कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरावी, पुन्हा कॉम्पॅक्टर फिरवावा आणि वाळू खाली बसली तेवढी पुन्हा भरावी. ही दुसरी फेरी संध्याकाळच्या घाईत गळते. शेवटी तीन मीटरची सरळ पट्टी वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहावी. खाली सेंटीमीटरभर फट दिसली तर ती जागा उचलून पुन्हा बसवून घ्यावी. त्यानंतर नळाची नळी पोर्चपाशी सोडून पाणी कोठे जाते ते कंत्राटदारासमोरच पाहावे.

पैसे आणि पहिला पावसाळा

पैशांची विभागणी मी अशी केली होती: काम ठरताना 20 टक्के, पाया दाबून मोजून झाल्यावर 30 टक्के, ब्लॉक निम्मे बसल्यावर 30 टक्के, काम संपल्यावर 10 टक्के, आणि उरलेले 10 टक्के पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. पाया पूर्ण होण्याआधी निम्म्याहून अधिक रक्कम कोणत्याही सबबीवर हातची सोडू नये. शेवटच्या 10 टक्क्यांवर कंत्राटदार नाराज होतो हे खरे. लहान कंत्राटदाराचे भांडवल तुटपुंजे असते आणि त्याला पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगणे सोपे नाही. त्यामुळे माझ्या कंत्राटदाराशी मी पाचावर तडजोड करायला तयार होतो, पण त्यांनीच ‘दहा ठेवा, मला चिंता नाही’ असे म्हटले. दुसरीकडे, ठरलेले हप्ते त्याच दिवशी द्यावेत. कामगारांचा पगार शनिवारी असतो, आणि हप्ता अडला की सोमवारी माणसे दुसऱ्या कामावर दिसतात. रक्कम यूपीआयने किंवा धनादेशाने द्यावी आणि प्रत्येक हप्त्याची पावती कामाच्या कागदाला जोडून ठेवावी.

हे कागद भांडणासाठी नसतात, पण भांडण झालेच तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. बिल, मापे आणि पायाची छायाचित्रे नसतील तर तेथे आपली बाजू लंगडी पडते. माझ्या पहिल्या कामाचे सगळे पैसे रोखीने दिलेले होते आणि हातात फक्त व्यापाऱ्याचे व्हिजिटिंग कार्ड होते, त्यामुळे मी तो विचार सोडून दिला.

पहिल्या पावसाळ्यात थोडी वाळू सांध्यांतून जाणार, मुंग्या काही ठिकाणी ती उकरून वर आणणार आणि सावलीत शेवाळ येणार. यात कंत्राटदाराचा दोष नाही. शेवाळ ताठ झाडूने घासावे, उच्च दाबाच्या पाण्याचा झोत सांध्यांवर मारू नये, कारण तो वाळूही धुऊन नेतो. मात्र पन्हळ, खचलेला खळगा, बाहेर सरकलेली कड किंवा घराकडे वळलेले पाणी दिसले, तर तारखेसह छायाचित्र काढून त्याच दिवशी कळवावे. ऑक्टोबरमध्ये ऊन पडले की त्याला बोलावून संपूर्ण वाट एकत्र चालून पाहावी, गेलेली वाळू त्याच्याच माणसांकडून भरून घ्यावी, आणि राखून ठेवलेली रक्कम तेथेच त्याच्या हाती द्यावी.